पदकामागे उभा असलेला माणूस

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते जबलपूरमधील एका महाविद्यालयातून क्रीडाधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत.)





गेली बरीच वर्षे या उत्सवात माझे काम ठरलेले आहे. सकाळी मुलांच्या शर्यती घ्यायच्या. लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, शंभर मीटर. शिट्टी माझी, मैदानावर फक्की मारणार मी आणि भांडणे झाली तर मिटवणारही मीच. माईकपुढे उभे राहण्याचे काम इतरांचे. यंदा चिटणीस म्हणाले, "सर, आयुष्यभर पोरांना पळवलंत. आता थोडं आम्हाला बसवून सांगा." विषयही त्यांनीच दिला, 'खेळाडू आणि प्रशिक्षक'. त्यातला पहिला भाग आपण टीव्हीवर रोज पाहता, म्हणून मी दुसऱ्या भागाबद्दलच बोलणार आहे.

धावपटूचे पदक आपल्याला दिसते. त्याच्यामागे कुठल्या तरी मैदानाच्या कडेला, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन एक माणूस वर्षानुवर्षे उभा असतो. तो धावत नाही, त्याचा फोटो येत नाही. पण तो त्या जागी उभा राहिला नसता तर ती मुलगी किंवा तो मुलगा त्या मैदानावर दुसऱ्या दिवशी आलाच नसता. हे मी माझ्या मोठेपणासाठी सांगत नाही. माझ्या कारकिर्दीतले यश संभागाच्या आणि विद्यापीठाच्या पातळीवरचे. ते चांगले होते, पण त्यावर तासभर भाषण करण्याएवढे नव्हे. मला आज आपल्याला नाशिकची गोष्ट सांगायची आहे.

सावरपाड्यापासून सुरुवात

नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये ते सुरू केले. मुंजे जन्माने बिलासपूरचे, म्हणजे आपल्या जुन्या मध्य प्रांताचेच. या संस्थेच्या मैदानावर विजेंद्र सिंग नावाच्या प्रशिक्षकांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंचे काम उभे केले. ते भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, ज्याला आपण 'साई' म्हणतो, तिथले प्रशिक्षक. नावावरून लक्षात आलेच असेल, गृहस्थ मराठी नव्हेत. आपण मराठी माणसे पोटापाण्यासाठी हिंदी मुलखात येऊन राहिलो. हा हिंदी माणूस मराठी मुलखात जाऊन राहिला आणि तिथल्या पाड्यांवरच्या पोरींना त्याने धावायला शिकवले. आपल्यासारख्यांना या गोष्टीचे जास्त अप्रूप वाटायला हवे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. कविता राऊत तिथली. जन्म १९८५ चा. सुरुवातीला ती अनवाणीच धावायची. पुढे पेपरांनी तिचे नावच 'सावरपाडा एक्सप्रेस' ठेवले. विजेंद्र सिंगांच्या हाताखाली ती तयार झाली आणि २००९ मध्ये ग्वांगझूच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक तिने मिळवले. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत ती तिसरी आली. वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याआधी पुरुषांमध्ये मिल्खासिंगांनी १९५८ मध्ये सुवर्ण जिंकले होते, त्यानंतर थेट ही कविता. मध्ये ५२ वर्षे गेली.

ही वेळ म्हणजे काय, ते मुलांसाठी सोपे करून सांगतो. १०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला २५ फेऱ्या. ३३ मिनिटे ५ सेकंद म्हणजे प्रत्येक फेरी साधारण ७९ सेकंदांत. तुमच्यातल्या धडधाकट कॉलेजकुमाराने उद्या सकाळी राइट टाउनच्या मैदानावर जाऊन एक फेरी ७९ सेकंदांत मारून पाहावी. एक जमेलही. मग न थांबता तशाच आणखी २४ मारायच्या आहेत. त्यानंतर सहा आठवड्यांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कविता हेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत धावली, म्हणजे फेरीला ७६ सेकंदांच्या आसपास. तिथे तिला रौप्य मिळाले. सुवर्ण कुणाला, तर केरळच्या प्रीजा श्रीधरनला, ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद. २५ फेऱ्यांनंतर दोघींमध्ये एक सेकंदाचेही अंतर नव्हते. पहिली आणि दुसरी, दोघी भारताच्या!

कविताला २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचे सुवर्ण २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकले आणि त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावली.

एकीनंतर दुसरी

इथे गोष्ट संपली असती तर मी म्हणालो असतो की पाड्यावरची एक विलक्षण मुलगी होती, प्रशिक्षकाला ती सापडली, नशीब चांगले. पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणूनच मी ती सांगतो आहे.

कवितामागून त्याच मैदानावरून दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे आली. २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती मॅरेथॉन धावली. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईची संजीवनी जाधव आली. ही तर भोसला मिलिटरी कॉलेजची विद्यार्थिनी. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने ५,००० मीटरचे कांस्य मिळवले आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य. आपल्या कॉलेजांतल्या मुलामुलींसारखीच परीक्षेचे फॉर्म भरणारी, हजेरीची चिंता करणारी ही विद्यार्थिनी जगभरच्या विद्यापीठांमध्ये दुसरी आली. याच परंपरेत अंजना ठमके, दुर्गा देवरे, ताई बामणे, किसन तडवी अशी नावे पुढे आली. यांतली बरीच मुले आदिवासी पाड्यांवरची किंवा कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरची आहेत.

मित्रहो, एक पदक योगायोगाने मिळू शकते. एकाच मैदानावरून पंधरा-वीस वर्षे एकामागून एक धावपटू येत राहतात, तेव्हा तो योगायोग नसतो. तिथे कुणीतरी ठाण मांडून बसलेले असते.

आम्हा कॉलेजच्या प्रशिक्षकांना विचाराल तर संघाचे यश मी असे मोजतो. शिल्ड किती आणल्या हे ठीक आहे, त्या प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात राहतात आणि दिवाळीला पुसल्या जातात. पण तुमची सर्वांत चांगली मुलगी पदवी घेऊन निघून गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मैदानावर कोण आहे? तिच्याबरोबर धावून, तिच्या मागे मागे राहून तयार झालेली दुसरी मुलगी तिथे आहे का? असेल तर तुमचा संघ आहे. नसेल तर तुमच्याकडे एक चांगली खेळाडू होती, इतकेच.

लांब पल्ल्याच्या धावण्यात तर हे फारच खरे आहे. एकट्याने रोज दहा-बारा किलोमीटर धावणे म्हणजे मनाला शिक्षा. चार जणी बरोबर असल्या की पहिली वेग धरते, बाकीच्या तिच्या पाठीला पाठ लावून जातात, थकली की दुसरी पुढे येते. नवी मुलगी पहिल्या महिन्यात दोन किलोमीटरनंतर मागे पडते, तिसऱ्या महिन्यात पाचनंतर. सहाव्या महिन्यात एक दिवस ती मागे पडतच नाही. त्या दिवशी प्रशिक्षकाने काही बोलायचे नसते. बाकीच्या मुलीच मागे वळून पाहतात आणि हसतात. त्याचे महत्त्व कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त.

मैदानाच्या कडेचे काम

पुष्कळांना वाटते, प्रशिक्षकाचे काम म्हणजे शिट्टी वाजवणे आणि ओरडणे. निदान आमच्या स्टाफरूममध्ये तरी असाच समज होता. म्हणून थोडे आतले सांगतो.

कॉलेजच्या प्रशिक्षकाला मुलगा मिळतो तीन वर्षांसाठी. जुलैत प्रवेश, ऑगस्टमध्ये पाऊस आणि चिखल. पावसाळा सरतो न सरतो तोच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ आणि हिवाळ्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यानंतर परीक्षा. त्यानंतर आपला जबलपूरचा उन्हाळा, ज्यात सकाळी सातनंतर मैदानावर उभे राहणे कठीण. वर्षातले हाती लागणारे महिने मोजके आणि मुलगा आलेला असतो तो बहुधा आयुष्यात प्रथमच नीट धावायला.

अशा वेळी घाई करण्याचा मोह होतो. पहिल्याच वर्षी पदक हवे, म्हणून रोज जोरात पळवायचे. दोन महिने वेळ भराभर सुधारते आणि मग नडगी दुखू लागते, मुलगा मैदान सोडतो. लांब पल्ल्याची खरी तयारी कंटाळवाणी असते. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश धावायचे, इतके सावकाश की शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. आठवड्यातून एक-दोनदाच वेगाच्या फेऱ्या, मध्ये ठरलेली विश्रांती घेऊन. एक दिवस लांब धाव. एक दिवस पूर्ण सुट्टी. या सावकाश धावण्याने हृदय, फुप्फुसे, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या यांची जी बांधणी होते तिला महिने नव्हे, वर्षे लागतात. ते वाट पाहण्याचे धैर्य मुलाकडे नसते, त्याच्या वडिलांकडे नसते आणि कॉलेजकडे तर मुळीच नसते. ते प्रशिक्षकाकडे असावे लागते.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्नायूंना प्राणवायू पोचवणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर मुलगी धावणार कशाच्या जोरावर? आमच्याकडे एखादी मुलगी चार आठवडे मेहनत करूनही मागेच पडत असेल तर आम्ही आधी तिच्या रक्ताची तपासणी करायला सांगत असू. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडे. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या. घरी गूळ-शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, हिरवी भाजी, वर लिंबू पिळून. आणि जेवणाबरोबर चहा बंद. आईला समजावणे हे यातले सर्वांत अवघड काम. "सर, ती दमते म्हणून आम्ही तिचं पळणं बंद करणार होतो," असे एक काकू मला म्हणाल्या होत्या. मी म्हटले, "काकू, पळणं राहू द्या, चहा बंद करा." तीन महिन्यांत मुलगी पुन्हा घोळक्याबरोबर धावू लागली.

तिसरी गोष्ट घराची. मुलींच्या बाबतीत प्रशिक्षकाची निम्मी ताकद मैदानाबाहेर खर्च होते. पहाटे साडेपाचला ती कुणाबरोबर येणार, स्पर्धेला बाहेरगावी गेली तर बरोबर बाई कोण, कपडे कोणते, लग्नाचे वय झाले, उन्हाने रंग काळा पडतो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आणि ते रागावून चालत नाही. मी रांझीच्या, खमरियाच्या क्वार्टरांमध्ये जितका चहा प्यायलो तितका स्वतःच्या घरी प्यायलो नसेन. नाशिकच्या पाड्यांवर हे काम किती पटींनी अवघड असेल, त्याची कल्पना मला याच अनुभवावरून येते.

आणि चौथी गोष्ट रिलेची. ४ × १०० मीटरच्या शर्यतीत चार वेगवान मुली घेतल्या की जिंकलो असे वाटते. तसे होत नाही. बॅटन देण्याघेण्यासाठी आज ३० मीटरचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात घेणारी मुलगी मागे न पाहता पूर्ण वेगात सुटते आणि देणारी आवाज देऊन तिच्या हातात बॅटन ठेवते. मागे न पाहता सुटायचे, म्हणजे मागच्या मुलीवर केवढा विश्वास हवा! आमच्या कॉलेजचा एक संघ असा होता की चौघींपैकी एकीचीही शंभर मीटरची वेळ संभागात पहिल्या तिघींत नव्हती. पण त्या चौघी तीन महिने रोज संध्याकाळी बॅटन देत-घेत राहिल्या, इतक्या की कॅन्टीनमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा एकमेकींना तशीच द्यायच्या. संभागाची रिले त्यांनी जिंकली. आज त्यांतली एक शाळेत शिक्षिका आहे, एक पोलिसांत आहे, दोघी संसारात आहेत. त्या चौघींचा एकमेकींशी अजून संबंध आहे, हे मी त्या शिल्डपेक्षा मोठे मानतो.

दुसऱ्याच्या हाती देणे

आता जरा नाजूक भाग. खालच्या पायरीवरच्या प्रशिक्षकाला एक दिवस आपला खेळाडू दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. मुलगी राष्ट्रीय शिबिरात जाते. तिथे परदेशी प्रशिक्षक असतो, आहारतज्ज्ञ असतो, थंड हवेचे ठिकाण असते. भारताच्या लांब पल्ल्याच्या महिला धावपटूंना अशा शिबिरांत बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव्ह यांनी अनेक वर्षे तयार केले. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, दुष्काळी मोही गावची ललिता बाबर त्यांच्याच हाताखाली २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. फार कडक शिस्तीचा माणूस. ५ मार्च २०२१ रोजी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतच, वसतिगृहाच्या खोलीत त्यांचे निधन झाले.

श्रेय मग कुणाचे? पाया घालणाऱ्याचे की कळस चढवणाऱ्याचे? रिलेत बॅटन पहिल्या धावपटूकडून सुटल्यावर तो मैदानातच उभा राहून ओरडत असतो, शेवटच्याने रेषा ओलांडेपर्यंत. मला वाटते प्रशिक्षकाने तसेच असावे.

याचे आपल्या शेजारचे उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तो महार रेजिमेंटमध्ये. या रेजिमेंटचे केंद्र कुठे आहे? आपल्या सागरला! अविनाशने सियाचीनला नोकरी केली, मग सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावू लागला. तिथे अमरीश कुमार या सैन्यातल्या प्रशिक्षकांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. त्यात ३,००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून सलग सहा वेळा या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले. सुवर्ण हुकले ते पाच शतांश सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला. त्याच्या प्रवासात पुढे परदेशी प्रशिक्षक आले, अमेरिकेतले सराव आले. पण मांडव्याच्या त्या पोराला स्टीपलचेसचा अडथळा प्रथम ज्याने दाखवला, त्याचे नाव विसरून कसे चालेल?

विसरलेली आणि आठवलेली नावे

आपण गुरूला मानणारे लोक, पण खेळातल्या गुरूची आठवण आपल्याला उशिरा होते. रूपसिंगांचा जन्म आपल्या जबलपूरचा, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांच्या थोरल्या भावाला, ध्यानचंदांना, सैन्यात हॉकीचे पहिले धडे सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी दिले. ध्यानचंदांचे नाव पोरासोरांना पाठ आहे, बाले तिवारींचे किती जणांना?

द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या तिघांत एक मराठी नाव होते, कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. दुसरे मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज. आणि तिसरे, उषाचे गुरू ओ. एम. नंबियार. हवाई दलातून आलेले हे गृहस्थ कण्णूरच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान मुलींना धावायला शिकवत होते, तिथे त्यांना उषा दिसली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्य एका शतांश सेकंदाने गेले. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सुवर्णपदके मिळवली. नंबियारांना पद्मश्री मिळाली ती २०२१ मध्ये आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला ते गेले. पहिल्या पुरस्कारानंतर ३६ वर्षांनी!

आणि महाविद्यालयाने काय करावे याचे उदाहरण तर आपल्या कोल्हापूरचेच आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्य आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रत्येक प्राचार्याने घर गहाण ठेवावे असे मी म्हणत नाही. पण मैदानाची किल्ली सकाळी साडेपाचला मिळाली तरी आम्ही खूश असतो.

आडवाटेचा धोका

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत आपल्या महिलांनी ४ × ४०० मीटर रिले जिंकली, सारा देश आनंदला. २०११ मध्ये त्या संघातल्या धावपटूंसह अनेक जणी उत्तेजक चाचणीत अडकल्या आणि राष्ट्रीय संघाच्या परदेशी प्रशिक्षकाला काढून टाकावे लागले. हा प्रश्न केवळ मोठ्या स्पर्धांचा राहिलेला नाही. मोहल्ल्यातल्या जिममध्ये डबे विकले जातात, कुठलीशी पावडर, कुठलीशी गोळी, 'एक महिन्यात स्टॅमिना'. भरतीची तयारी करणारी मुले घरी न सांगता घेतात. डब्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. तुमच्या मुलाला कोण काय देतो आहे, याची चौकशी करा. चांगला प्रशिक्षक तुम्हाला सांगेल की थांबा, आणखी एक वर्ष लागेल. असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा.

आपल्या जबलपूरला काय हवे

शेवटी आपल्याबद्दल. आपल्या शहरात ग्रेनेडियर्सचे केंद्र आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचे आहे, सिग्नल्सचे आहे. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. राइट टाउनचे स्टेडियम, राणीतालचे क्रीडासंकुल आहे. मदन महलच्या टेकड्या आहेत, ज्यांच्या चढावर पाय तयार होतात. ग्वारीघाटाकडे जाणारा पहाटेचा रस्ता आहे. मग कमी काय आहे? रोज त्याच वेळी, त्याच जागी उभा राहणारा माणूस कमी आहे.

आपल्या घरांत नववीपासून मुलांचे मैदान सुटते. शाळा, मग कोचिंग, मग रात्री पुन्हा टेस्ट सिरीज. मी अभ्यासाच्या विरोधात नाही. आपले आजोबा-पणजोबा इथे आले ते शिक्षणाच्या आणि नोकरीच्या जोरावरच. पण दिवसाचा पाऊण तास, पहाटेचा, हा कुठल्याही क्लासच्या वेळेत येत नाही.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपण शर्यतींच्या बक्षिसांवर खर्च करतो. प्लास्टिकच्या ट्रॉफी येतात, पुढच्या वर्षी त्या माळ्यावर जातात. या वर्षापासून त्यातला निम्मा पैसा बाजूला काढू. त्यातून दहा मुलांना नीट बूट घेऊ, ज्यांच्या घरी ते परवडत नाहीत अशा मुलांना, मग ती मराठी असोत की नसोत. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंची मुलगीही त्यात असली पाहिजे. सहा महिन्यांतून एकदा सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करू. आपल्यात डॉक्टर आहेतच. आणि मैदानावर उभे राहायला तूर्तास मी आहे. सोमवार ते शनिवार, साडेपाच वाजता. माझे गुडघे आता धावू देत नाहीत, पण उभे राहायला गुडघ्यांची तक्रार नाही.

परंतु माझ्या एकट्याने चालणार नाही. प्रशिक्षक टिकला तर संघ टिकतो, हे मी नाशिकचे उदाहरण देऊन तासभर सांगितले. मी किती दिवस पुरणार? आपल्या कॉलेजांतून खेळलेली, आज नोकरीला असलेली तरुण मंडळी या सभागृहात बसली आहेत. तुमच्यापैकी दोघांनी-तिघांनी माझ्याबरोबर उभे राहायला सुरुवात करावी. शिट्टी मी देईन, स्टॉपवॉचही देईन. पहिल्या वर्षी काही दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी लोक म्हणतील, "क्यों बड्डे, अजून चालूच आहे का तुमचं?" तिसऱ्या वर्षी एखादी मुलगी संभागाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला घोळक्यातून पुढे येईल. तेव्हा तिचा फोटो स्मरणिकेत पहिल्या पानावर छापा. आपली नावे नाही छापली तरी चालतील.

बडकुलच्या खोव्याच्या जिलबीचा वास मघापासून इथपर्यंत येतो आहे आणि मागच्या खुर्च्या अस्वस्थ झाल्या आहेत. धावपटू सुटण्याच्या तयारीत असले की त्यांना फार वेळ रेषेवर ताटकळत ठेवू नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

ज्यांना यायचे आहे त्यांनी जाताना माझ्याकडे नाव द्यावे. सोमवारी भेटू.

गणपती बाप्पा मोरया!